गणपतीचे व्हिडिओ डिस्कवर ठेवताना

एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) की हार्ड डिस्क, या वादात पडू नका. कपाटात वर्षभर पडून राहणार असेल तर साधी हार्ड डिस्कच घ्या. एसएसडी विजेविना उकाड्यात राहिली की तिच्यातला चार्ज हळूहळू उतरतो. फॉरमॅट, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, एक्सफॅट ठेवा. फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये ४ जीबीची फाइल बसतच नाही, आरतीचा लांब व्हिडिओ अडतो आणि लोक उगाच केबल बदलत बसतात! मालवण-वेंगुर्ल्याची खारी हवा यूएसबीच्या पिना खाते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणारं सिलिका जेल टाका. तांदूळ नको, पूड पोर्टात शिरते. पावसात लाइट कधीही जाते, तेव्हा कॉपी चार्ज केलेल्या लॅपटॉपवरून करा. ‘इजेक्ट’ केल्याशिवाय केबल ओढू नका, एक्सफॅटला जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेलं काम सावरायला लागणारी बदलांची नोंद, नसतं. दुसरी प्रत मुंबईतल्या भावाकडे.