तारीख ठरलेली बाळंतीण

"मॅडम, मी काही करायचंच नाही. नुसतं आडवं पडायचं, बाळ काढून हातात देणार. याला बाळंतपण म्हणायचं का?"

सदतीस आठवडे पूर्ण झाले होते. पावलं सुजलेली, म्हणून चपला दाराशी काढून अनवाणीच आत आली होती. डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवताना चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं: बाळ पायाळू, सिझर ठरलंय, पेशंट फार रडते आहे.

मी सातारा भागात बाळंतिणींसोबत समुपदेशनाचं काम करते. तिचं नाव इथे सांगणार नाही. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. सोबत आलेल्या सासूबाईसुद्धा कौतुकाने तिला "आमच्या बाई" म्हणत होत्या, म्हणून मीही बाईच म्हणते. तिची गोष्ट लिहायला तिची परवानगी आहे. मुळात लिहा असं तिनेच सांगितलं.

बाईंनी तयारी जोरदार केली होती. सकाळी चालणं, संध्याकाळी श्वासाचे व्यायाम, भिंतीला टेकून उठाबशा, आईच्या सांगण्यावरून शेवटच्या महिन्यात दुधात तूप. (या तुपाने वाट गुळगुळीत होते असं अजूनही घरोघर सांगतात. तूप पोटात जातं आणि वजनात दिसतं, बाकी कुठे पोचत नाही.) आणि बाळ बसलं ते डोकं वर, बूड खाली. पूर्ण दिवस भरताना शंभरातली तीन-चार बाळं अशी असतात. डॉक्टरांनी सदतिसाव्या आठवड्याच्या सुरुवातीला पोटावरून हाताने बाळ फिरवून पाहिलं होतं. हा उपाय साधारण निम्म्या वेळा जमतो. इथे जमला नाही. बाळ अर्ध्यावर वळायचं आणि पुन्हा आपल्या जागी यायचं.

"वर्षभर अभ्यास करून घेतला आणि परीक्षाच रद्द झाली," बाई म्हणाल्या. "आता सगळे विचारणार, नॉर्मल का सिझर? आणि मी सिझर म्हटलं की ते 'अरेरे' म्हणणार."

या 'नॉर्मल' शब्दावर माझा जुना राग आहे. एका प्रकाराला आपण नॉर्मल म्हणून टाकलं की दुसऱ्याच्या वाट्याला काय उरतं, ते सांगायला नको. माझ्यासमोर रडणाऱ्या निम्म्या बायका बाळासाठी नाही, त्या उरलेल्या शब्दासाठी रडतात. पण हे व्याख्यान मी त्या दिवशी दिलं नाही. रडणाऱ्या माणसाला शब्दांची चूक दाखवू नये. मी पाणी दिलं आणि थांबले.

तेवढ्यात सासूबाईंनी मनातलं बोलून टाकलं. "आमच्या घरात पाच बाळंतपणं झाली, सगळी घरच्यासारखी सरळ. हल्ली पैशासाठी कापतात, मॅडम. खोटं बोलत असेन तर सांगा."

खोटं नव्हतंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशात २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झाल्याची नोंद आहे. सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के. खासगीत जवळजवळ दर दोघींमागे एक. बायकांची शरीरं काही दवाखान्याचा दरवाजा बदलला की बदलत नाहीत. त्यामुळे सासूबाईंना मी म्हटलं, "काकू, तुमचा संशय बरोबर जागी आहे. फक्त तो या सुनेच्या बाबतीत खरा आहे का, एवढं तपासून बघू."

त्यांना तीन प्रश्न कागदावर लिहून दिले. सिझर कशासाठी? थांबलो तर काय होईल? दुसरी वाट कोणती? हे प्रश्न डॉक्टरांना विचारायचे आणि उत्तर पटलं नाही तर सरकारी रुग्णालयात दुसरं मत घ्यायचं. तिथे जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सिझरसुद्धा मोफत होतं, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना कापून काही मिळत नाही. काकू खरंच सुनेला घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी पाहिली आणि तेच सांगितलं. पहिलटकरीण, बाळ बुडावर बसलेलं, फिरवून फिरलं नाही, ठरवून सिझर करा. काकूंचा आवाज त्यानंतर बराच खाली आला.

बाई मात्र दोन दिवसांनी एकट्या आल्या. त्यांना आकडे हवे होते. शिक्षिकेला "विश्वास ठेव" म्हणून चालत नाही. मग २००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास सांगितला. २६ देशांतल्या २,०८८ पायाळू गरोदरपणांचा. ठरवून सिझर केलेल्या गटात बाळ दगावणं किंवा गंभीर त्रास होणं १.६ टक्के, खालून बाळंतपण करायचं ठरवलेल्या गटात ५ टक्के. पुढचा भागही सांगितला, कारण अर्धा आकडा सांगणं हे खोटं बोलण्याच्या शेजारचं आहे. त्यातल्या काही मुलांना दोन वर्षांनी पाहिलं तेव्हा दोन्ही गटांत मृत्यू आणि वाढीतली मागासलेपणाची चिन्हं यांत फरक दिसला नाही. काही देशांत अनुभवी हात असतील तर निवडक बायकांची पायाळू बाळंतपणं आजही खालून करतात. आपल्याकडे ते हात कमी होत चाललेत, ही खंत अनेक जुने डॉक्टर बोलून दाखवतात.

"म्हणजे सिझर चांगलं?" बाईंनी विचारलं.

"तुमच्या बाळासाठी, या वेळी, हो."

आणि मग मी त्यांना दुसऱ्या एका बाईची गोष्ट सांगितली. तिचं बाळ डोक्यावर, म्हणजे डोकं खाली होतं, सगळं ठीक होतं. वीस तास कळा दिल्या. रात्री दोन वाजता बाळाचे ठोके घसरले. स्ट्रेचर पळवत नेलं, नवरा गाडी लावायला गेलेला, सही कोणाची घ्यायची यावर गोंधळ. बाळ सुखरूप, आई सुखरूप. पण पाच महिन्यांनी ती माझ्याकडे आली तेव्हा तिला त्या रात्रीतलं छतावरच्या दिव्यांशिवाय काही आठवत नव्हतं, आणि लिफ्टचं दार बंद होण्याचा आवाज झाला की छातीत धडधडायचं. तिच्या आणि तुमच्या पोटावरचा टाका सारखाच असेल, मी बाईंना म्हटलं. फरक एवढाच की तिच्यावर तो ओढवला. तुम्हाला बारा दिवस आधी कळलंय.

बाई गप्प झाल्या. मग पर्समधून पेन काढलं. शिक्षकांचं हे मला फार आवडतं.

लोक ठरवून केलेल्या सिझरचे फायदे म्हणून कळा नाहीत, खालचे टाके नाहीत एवढंच मोजतात. तेही खरंच आहे. जागा फाटत नाही, पुढे शिंकताना-हसताना लघवी सुटण्याचा त्रास कमी बायकांना होतो. दमलेल्या गर्भाशयावर मध्यरात्री घाईने केलेल्या सिझरपेक्षा सकाळी, उपाशी पोटी, रक्तपेढीला सांगून ठेवून, सगळे डॉक्टर हजर असताना केलेल्या सिझरमध्ये गुंतागुंत कमी होते. पण माझ्या खोलीतून बघताना मला सगळ्यात मोठा फायदा दिसतो तो हातात असलेल्या दिवसांचा. विचारायला वेळ मिळतो, घाबरून घ्यायलासुद्धा मिळतो.

त्या बारा दिवसांत बाईंनी काय काय केलं! शाळेचा पदभार व्यवस्थित दिला, १८० दिवसांच्या रजेचा अर्ज हातोहात मंजूर करून घेतला. बहिणीने पुण्याहून यायची तिकिटं काढली. भूलतज्ज्ञांना भेटून पाठीतल्या इंजेक्शनबद्दल विचारलं, कारण आळीतल्या प्रत्येकीने सांगितलं होतं की त्याने जन्माची कंबर जाते. जात नाही. टोचलेल्या जागी काही दिवस दुखतं, एखादीचं डोकं आठवडाभर धरतं, त्यावर उपाय असतो. बाळंतपणानंतरची कंबरदुखी कळा दिलेल्यांनाही तेवढीच सतावते. वाकून पाजणं, वाकून लंगोट बदलणं, वाकून उचलणं. इंजेक्शनला फुकट बोल लागतो.

आम्ही मिळून एक कागद केला. बाळ बाहेर येताना काय चाललंय ते मला बोलून सांगा. रडलं की आधी माझ्या गालाला लावा. सगळं ठीक असेल तर छातीवर द्या. तासाभरात पाजायला मदत करा. मध-गुळाचं बोट कोणी चाटवू नका. हे शेवटचं वाक्य कोणासाठी होतं ते काकूंना बरोबर कळलं.

आणि आणखी एक ओळ, लाल पेनाने: तारखेच्या आधी कळा आल्या किंवा पाणी गेलं तर वाट बघायची नाही. पायाळू बाळात पाणी गेलं की नाळ खाली घसरू शकते, म्हणून गाडीत आडवं पडूनच दवाखाना गाठायचा. ठरलेली तारीख म्हणजे देवाशी केलेला करार नव्हे.

देवावरून आठवलं. सासरेबुवांनी पंचांग काढलं होतं. गुरुपुष्यामृत सापडलं, पण ते डॉक्टरांनी दिलेल्या मंगळवारच्या पाच दिवस आधी, म्हणजे एकोणचाळीस आठवडे भरण्याआधीच. डॉक्टरांनी सरळ नकार दिला. कळांशिवाय आणि एकोणचाळीस आठवडे भरण्याआधी काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास जास्त होतो, काही पेटीत ठेवावी लागतात. "आजोबा, योग चांगला आणि नातू पेटीत, चालेल का?" सासरेबुवा विचारात पडले. मग म्हणाले, मंगळवार तरी नको, बुधवार करा. बुधवारी सकाळी ऑपरेशन थिएटर मोकळं होतं. डॉक्टरांनी हो म्हटलं. मुहूर्ताची चेष्टा करणारे मला भेटतात, पण दिवस भरलेले असतील तर एका दिवसाने इकडे-तिकडे करून घरातलं माणूस शांत होत असेल, तर त्यात माझ्या मते काही बिघडत नाही. दिवस भरायच्या आत ओढणं, हा मात्र गुन्हाच.

बुधवारचं बाईंनी नंतर सांगितलं ते असं. उशी पोटाशी धरून वाकून बसवलं. पाठीत मुंगी चावल्यासारखं. मग पाय आधी कोमट, मग जड, मग दुसऱ्याच कोणाचे. समोर हिरवा पडदा. दुखलं नाही, पण कोणीतरी गोधड्यांच्या चळतीत हात घालून खालची गोधडी ओढतंय असं वाटत राहिलं. दात वाजायला लागले तेव्हा भूलतज्ज्ञ म्हणाले, होतं असं, घाबरू नका, आता बूड दिसतंय, आता पाय. दहा मिनिटंही झाली नसतील. "मी रडले," बाई म्हणाल्या, "पण त्याआधी ती रडली." मुलगी. पावणेतीन किलो.

पुढचे दोन दिवस सोपे नव्हते, हे लपवण्यात अर्थ नाही. पोटाचं मोठं ऑपरेशन ते मोठंच ऑपरेशन. पहिल्यांदा उभं राहताना टाके असे ओढतात की सरळ होववत नाही. कुशीवर वळून कोपराने उठायचं हे आधी शिकवलं होतं, ते उपयोगी पडलं. दुखण्याच्या गोळ्या "दुधातून जातील" म्हणून बायका टाळतात आणि मग हालचालच करत नाहीत. बाळंतिणीला देतात त्या पाजणाऱ्या आईला चालतील अशाच असतात, त्या घड्याळाप्रमाणे घ्यायच्या. बाईंना दूध उतरायला चौथा दिवस लागला. कळा न देता झालेल्या सिझरनंतर कधी कधी असा उशीर होतो. तोवर चिकाचं दूध थेंब-थेंब पाजत राहिलं की पुरतं. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पायात गुठळी, हे धोके कागदावर सही घेताना वाचून दाखवतात ते खरे असतात. आणि प्रत्येक सिझरनंतर पुढच्या गरोदरपणात वार (प्लॅसेंटा) जुन्या व्रणाला चिकटून बसायचा धोका वाढत जातो. ज्यांना तीन-चार मुलं हवीत त्यांना ठरवून सिझरचा हौसेने सल्ला मी कधी देत नाही. बाईंना फार तर अजून एक हवं होतं, तेही दोनेक वर्षांनी. पुढचं बाळ डोक्यावर असेल तर खालून प्रयत्न करता येईल का, हेही डॉक्टरांना विचारून झालं होतं.

सव्वा महिन्याने त्या तपासणीला आल्या तेव्हा माझ्या खोलीत डोकावल्या. मी विचारलं, लोक अरेरे म्हणाले का?

"म्हणाले ना. मी त्यांना सांगते, बुधवार सकाळ नऊ वाजून वीस मिनिटं, आधी बूड मग पाय, मला प्रत्येक मिनिट पाठ आहे. मग गप्प होतात."

काकू मागे उभ्या होत्या, नातीला खांद्यावर घेऊन, कमरेवर हात ठेवून. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "मॅडम, एक शंका हाय. पायाळू माणसाचा पाय लावला की उसण उतरते. पण ही तर वरनं काढली. ती पायाळू धरायची का न्हाई?"

डॉक्टर तेवढ्यात दारातून चालले होते. म्हणाले, "मीच काढलीय, काकू. पाय धरूनच."

काकूंनी नात सुनेकडे दिली, पदर खोचला आणि आमच्याकडे पाठ करून बाकावर बसल्या.