अंग तापल्यावर धूसर दिसते. व्यायाम करावा का?

प्रश्न : माझ्या पत्नीला मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू व मज्जारज्जूतील मज्जातंतूंचे आवरण झिजवणारा आजार) आहे. ती आधाराशिवाय चालते, पण थोडे अंतर गेल्यावर तिचे उजवे पाऊल घासू लागते आणि दुपारपर्यंत ती पार गळून जाते. डॉक्टरांनी व्यायाम सुचवला आहे. मात्र अंग तापले की तिला धूसर दिसते. व्यायामाने आजार बळावणार नाही ना?

उत्तर : आपली भीती स्वाभाविक आहे, कारण एकेकाळी डॉक्टरही या रुग्णांना विश्रांतीच सांगत. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रुग्णांनी पंधरा आठवडे, आठवड्यातून तीनदा व्यायाम केला. त्यांची क्षमता वाढली आणि आजार बळावला नाही. नंतरच्या अनेक अभ्यासांतही हेच दिसले. थकव्यात पडणारा फरक बेताचा असतो, पण तो खरा असतो.

धूसर दिसण्याचे वर्णन उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० मध्येच केले होते. मज्जातंतूवरील मायलिनचे आवरण झिजलेले असले की शरीराचे तापमान किंचित वाढताच संदेशवहन अडखळते. यात नवी इजा होत नाही आणि अंग निवल्यावर दृष्टी पूर्ववत होते. म्हणून व्यायाम सकाळी, पंख्याखाली, गार पाणी जवळ ठेवून करावा. अंग निवल्यानंतरही त्रास राहिला, किंवा एखादे नवे लक्षण दिवसभर टिकले, तर व्यायाम थांबवून मेंदूविकारतज्ज्ञांना कळवावे.

सुरुवात स्थिर सायकलवर दहा मिनिटांनी करावी. बोलता येईल, पण गाता येणार नाही, इतकाच वेग असावा. हळूहळू आठवड्यातून दोनदा तीस मिनिटांपर्यंत जावे आणि दोन दिवस स्नायूंच्या बळकटीसाठी ठेवावेत. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता सावकाश उठणे-बसणे दहा वेळा, मग पुरेशी विश्रांती, मग पुन्हा दहा वेळा : चालण्यासाठी लागणारे मांडीचे बळ यातूनच येते, आणि माझ्या मते रुग्ण नेमके हेच टाळतात. तोल सांभाळण्याचे व्यायाम भक्कम टेबलाजवळ, कोणीतरी सोबत असतानाच करावेत.

घासणाऱ्या पावलासाठी फिजिओथेरपिस्टना अवश्य दाखवावे, कारण घोट्याच्या पट्टीने अडखळून पडण्याचा धोका कमी होऊ शकतो. अपुरी झोप, रक्तक्षय, थायरॉईडचा विकार किंवा नैराश्य यांमुळेही थकवा वाढतो, तेव्हा त्यांची तपासणी आधी करून घ्यावी. दुसऱ्या दिवशीही थकवा उतरला नाही, तर व्यायाम सोडू नये, त्याचे प्रमाण कमी करावे.