माळ्यावरचा कांडेचोर कुणाच्या भावकीतला?

प्रश्न : आमच्या कौलारू घराच्या माळ्यावर रात्रभर कांडेचोर धुडगूस घालतो. काका म्हणतात, तो मुंगसाच्या जातीतला. मुलगी म्हणते, उदमांजर म्हणजे मांजरच. पाणमांजर त्याचं कोण लागतं? आणि याला घालवायचं कसं?
– एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : कांडेचोर हा उदमांजरांपैकीच एक. तरी काकांना मुलीपेक्षा थोडे जास्त गुण द्यावे लागतील. मांसभक्षी सस्तन प्राण्यांच्या दोन मोठ्या शाखा आहेत. कुत्रा, लांडगा, अस्वल, पाणमांजर, अगदी समुद्रातला सीलसुद्धा एकीत. वाघ-मांजर, मुंगूस, तरस आणि तुमचा कांडेचोर दुसरीत. म्हणजे पाणमांजराचा विषय इथेच मिटला. आता या दुसऱ्या शाखेतही मांजरकुळ आधीच वेगळं निघालं. मागे उरलेले उदमांजर, मुंगूस आणि तरस हे एकमेकांना जास्त जवळचे, असं जनुकांच्या अभ्यासातून दिसतं. तरसाचा तो कुत्र्यासारखा अवतार बघून पटत नाही, पण आहे खरं. जुन्या पुस्तकांत तर मुंगसांना उदमांजरांच्याच कुळात घातलेलं सापडेल; आता त्यांचं कुळ स्वतंत्र मानतात.

मी प्राणिशास्त्र शिकवायचो तेव्हा मांजराची आणि उदमांजराची कवटी मुलांच्या हातात द्यायचो, बाकी काही न बोलता. आधी दात मोजायला लावायचो. मांजराचे 30, उदमांजराचे 40. मांजराच्या वरच्या जबड्यात शेवटची दाढ तांदळाच्या कणीएवढी, असून नसल्यासारखी. त्याला मांस कापायचं असतं, चावत बसायचं नसतं. उदमांजराच्या दाढा मात्र रुंद आणि बोथट, फळं चिरडायला सोयीच्या. मग कवट्या उलट्या करायच्या. कानाच्या जागी हाडाचे दोन फुगे दिसतात. फुटक्या कवटीत त्या फुग्याच्या आतला हाडाचा पडदा दोघांतही दिसायचा. कुत्र्याच्या कवटीत असा पुरता पडदा मिळत नाही. शाखा ओळखायची ही जुनी खूण.

दाढांचा पुरावा तुमच्या गडग्यावरच पडलेला असेल. कांडेचोर उंचवट्यावर विष्ठा टाकतो आणि ती बियांनी भरलेली असते. भेरली माडाचं फळ आपल्या हाताला नुसतं लागलं तरी खाज सुटते. हा ते मजेत खातो, बी अख्खी बाहेर टाकतो आणि परस्पर माड लावून मोकळा होतो. उंदीर, गोगलगाई, किडेही खातो. पपई-चिकूवर त्याचा डोळा असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

शेपटीवर काळी-पांढरी वलयं दिसली, तर मात्र ते जवादी मांजर. ते बहुतेक जमिनीवरच वावरतं. माळ्यावर चढणारा, काळ्या पायांचा आणि बिनवलयाच्या शेपटीचा तो कांडेचोर.

घालवायचं म्हणाल, तर पिंजरा किंवा विष नको. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. छपराला टेकलेल्या फांद्या तोडा. तो अंधार पडल्यावर बाहेर गेला की कौलाखालची फट जाळीने बंद करा. पण त्याआधी दिवसा माळ्यावर कान देऊन ऐका. पिल्लांचा आवाज आला, तर ती आईबरोबर हिंडू लागेपर्यंत जाळीला हात लावू नका. तोवर पपईला गोणपाट बांधा.