आयवॉश बसवताय? गिझर नंतर बघा

कुपवाड एमआयडीसीत आयवॉश-शॉवर (रसायन उडालं तर डोळे आणि अंग लगेच धुण्याची सोय) बसवताय, छान. पण पाणी कोमट करायला गिझरची घाई नको. सांगलीत खरी अडचण एप्रिल-मेची: पत्र्यावरची काळी टाकी आणि उन्हात तापलेला पाइप. पाणी १६ ते ३८ अंश सेल्सिअसमध्येच हवं; त्याहून गरम पाणी डोळ्याला घातक.

आधी स्वस्तातलं उरका:
- टाकीवर सावली करा.
- पाइप जमिनीखालून न्या. उघड्या भागाला इन्सुलेशन गुंडाळा.
- भर दुपारी पहिल्या धारेचं तापमान मोजा. सगळे सकाळी मोजतात आणि खूश होतात!

घरगुती गिझर थेट जोडणं ही नेहमीची चूक. शॉवरला मिनिटाला सुमारे ७६ लिटर पाणी लागतं, तेही सलग १५ मिनिटं. म्हणजे टाकीत हजारावर लिटर राखीव हवंच. दर आठवड्याला चालवून बघा, साचलेलं पाणीही निघून जातं. गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या मिक्सिंग व्हॉल्व्हचं थंडीच्या आधी बोलू.