जिवाणू दगड खातात का? गगनबावड्याच्या तांबड्या मातीसाठी उत्तर

तुमचा प्रश्न असा: गगनबावड्याकडे तांबडी जमीन आहे, सामू (पीएच) ५.२ आलाय, आणि दुकानदार म्हणतो पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचं पाकीट टाका, जिवाणू दगडातलं स्फुरद (फॉस्फरस) काढून देतील. हे खरं का?

जिवाणू दगड विरघळवतात हे खरं. खात मात्र नाहीत. पीएसबीतल्या जिवाणूंना पोटाला लागते साखर, आणि ती येते मुळांकडून. पिकानं पानात तयार केलेल्या अन्नाचा काही भाग मुळांतून मातीत पाझरत असतो. स्यूडोमोनास, बर्कहोल्डेरिया यांसारखे जिवाणू त्यातल्या ग्लुकोजचं ग्लुकोनिक आम्ल करतात. खनिजाच्या कणाला ते चिकटून बसतात, त्यांच्या बुळबुळीत थराखाली आम्ल साठतं आणि तेवढ्या टिचभर जागेचा सामू भोवतालच्या मातीपेक्षा खाली जातो.

पण तुमची माती तर मुळातच आम्ल आहे. तिथं आणखी आंबटपणा आला म्हणून किती फरक पडणार? माझ्या मते तुमच्या जमिनीत जिवाणूंचं दुसरं काम जास्त मोलाचं आहे. ऑक्झॅलिक आणि सायट्रिक आम्लांचे रेणू खनिजातलं लोह आणि ॲल्युमिनियम चिमट्यात धरल्यासारखं पकडतात आणि ओढून काढतात. एकेक अणू असा निघाला की खनिजाची वीण उसवत जाते. लोह कमी पडलं की जिवाणू सिडेरोफोर नावाचे रेणू सोडतात, त्यांची लोहावरची पकड तर विलक्षण घट्ट असते.

फ्रान्समध्ये स्टेफान उरोझ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली एका आम्लधर्मी जंगलातली माती तपासली होती. ओकच्या मुळांवर वाढणाऱ्या बुरशीभोवतीचे जिवाणू काळा अभ्रक विरघळवण्यात मोकळ्या मातीतल्या जिवाणूंपेक्षा सरस निघाले. म्हणजे मुळं असतील तिथं हे काम जोरात चालतं.

आता आपल्याकडचं बघा. गगनबावड्याच्या रस्त्याला डोंगर कापलाय तिथं काळ्या दगडाचे गोटे दिसतात, भोवती कांद्यासारखे पापुद्रे. हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट. पापुद्र्याचा मुरूम अजून पुरता झिजलेला नसतो. त्यात ॲपेटाइटचे बारीक कण असतात, म्हणजे दगडातलं मूळ स्फुरद. जांभ्याच्या सड्यावर मात्र लाखो वर्षांच्या पावसानं चुना, मॅग्नेशियम, पालाश (पोटॅशियम), बरीचशी सिलिकासुद्धा धुऊन नेली. मागं राहिली लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, म्हणून तो तांबडा. तिथं विरघळवायला मूळ खनिजच फारसं उरलेलं नाही, आणि तुम्ही टाकलेलं स्फुरदही त्या ऑक्साइडांना चिकटून बसतं.

पीएसबीचे जिवाणू निवडताना बहुधा पिकोव्हस्काया यांचं १९४८ सालचं माध्यम, म्हणजे जिवाणू वाढवायचं खाद्य, वापरतात. त्यात ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असतं, म्हणजे चुन्याशी बांधलेलं स्फुरद. एम.एस्सी.ला असताना मी या माध्यमानं प्रयोगशाळेतल्या कितीतरी बशा भरल्या. जिवाणूंच्या वसाहतीभोवती स्वच्छ पारदर्शक कडं उमटलं की फार आनंद व्हायचा. मग त्यातल्याच जिवाणूंना लोहाशी बांधलेलं स्फुरद दिलं आणि बहुतेक गप्प बसले. चुनखडीच्या काळ्या रानातली समस्या आणि तुमच्या तांबड्या रानातली समस्या एक नाही, हे मला तेव्हा कळलं.

त्यामुळे नुसत्या पाकिटावर विसंबू नका. पीएसबी टाकायचंच असेल तर मुरलेल्या शेणखतात कालवून मुळांजवळ द्या. कुजणाऱ्या शेणखतातून निघणारी आम्लं ऑक्साइडांवरच्या जागा अडवतात, मग स्फुरद थोडं मोकळं राहतं. भात-नाचणीचा पेंढाही असाच कुजू द्या, जाळू नका. सामू इतका खाली असताना रॉक फॉस्फेट (स्फुरद असलेल्या दगडाची भुकटी) चांगलं लागू पडतं, कारण ते विरघळवायचं काम आम्ल माती स्वतःच करते. फक्त त्याच वेळी चुना टाकू नका, नाहीतर ते तसंच पडून राहील.

एकदा हातभर खणून बघा. खाली पापुद्र्याचा मुरूम लागला तर जिवाणूंना करण्यासारखं काम आहे. जांभाच लागला तर पाकिटाचे पैसे शेणखतात घाला.