कॅमेऱ्याच्या सायलेंट मोडमध्ये शटरस्पीड १/८००० सेकंद ठेवूनही फिरणारी बॅट फोटोत वाकडी का येते?

कारण १/८००० हा सेन्सरच्या (प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या) एका ओळीला प्रकाश मिळण्याचा वेळ आहे, अख्ख्या फोटोचा नाही. सायलेंट मोड वापरतो त्या इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि साध्या फुलफ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या) सेन्सरवर या वाचनाला १/२० सेकंदाच्या आसपास वेळ सहज लागतो. बॅटने चौकटीची अर्धी उंची व्यापली असेल, तर मूठ आणि टोक यांच्या नोंदीत १/४० सेकंदाचं अंतर पडतं. तेवढ्यात टोक पुढे निघून गेलेलं असतं, म्हणून बॅट केळ्यासारखी दिसते. शटरस्पीड आणखी वाढवून काडीचाही फरक पडणार नाही. मेकॅनिकल शटर लावा, त्याचा पडदा साधारण १/२५० सेकंदात सेन्सर ओलांडतो.

तुमच्या कॅमेऱ्याचा हा वाचनाचा वेग घरीच मोजता येतो, जरूर करून बघा. स्वस्तातला, लुकलुकणारा एलईडी बल्ब लावा आणि कॅमेरा आडवा धरून १/२००० वर पांढऱ्या भिंतीचा सायलेंट फोटो काढा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे असा दिवा सेकंदाला १०० वेळा मंदावतो. फोटोत भिंतीवर पाच काळे पट्टे आले, तर वाचनाला ५/१०० म्हणजे १/२० सेकंद लागला.

सगळेच सायलेंट शटर असे नसतात, हेही खरं. निकॉन झेड९ चा स्टॅक्ड (एकावर एक थर रचलेला) सेन्सर इतका झटपट वाचला जातो की त्यात मेकॅनिकल शटर ठेवलेलंच नाही, आणि सोनी ए९-३ च्या ग्लोबल शटरमध्ये सगळ्या ओळी एकाच क्षणी टिपल्या जातात.