निर्वासितांच्या छावणीत निघालेल्या नव्या सिस्टरसाठी

बांगलादेशात कॉक्स बझारला रोहिंग्यांच्या छावणीत निघालीस, बरं वाटलं. औषधांच्या खोक्यांआधी दंडाचा घेर मोजायची पट्टी घे. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरला, की ते तीव्र कुपोषित. त्याला खोकल्याची बाटली देऊन भागणार नाही, पोषण केंद्रात पाठव. जुलाबाला लगेच सलाईन लावायचा आपल्या कोल्हापूरकडचा सोस तिथं विसर. पोर पीत असेल तर ओआरएस, सोबत झिंक: सहा महिन्यांच्या आतल्याला रोज १० मिलिग्रॅम, वरच्याला २०, १० ते १४ दिवस. जुलाब थांबले की आया गोळ्या बंद करतात, म्हणून दोनदा सांग.

दुभाषी बाईच माग. नुसती बांगला येणारी नको. रोहिंग्यांची बोली चितगावकडच्या बोलीच्या जवळची आहे.

तिथं प्रार्थना कधी करायची, ते विचारलंस. ती सकाळी, आपापसात. औषधाच्या रांगेत पत्रकं वाटायची नाहीत. रेड क्रॉसच्या १९९४ च्या आचारसंहितेतही मदतीच्या आडून धर्माचा प्रसार नको, असंच आहे. आपल्या चर्चच्या मंडळीतल्या काही थोरांना हे रुचत नाही. मला मात्र पूर्ण पटतं. औषधासाठी उभी असलेली बाई तुला नाही कशी म्हणेल?

आणि जमलं तर आधी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला जाऊन ये. १९४३ ते १९४८ या काळात पोलंडचे जवळपास पाच हजार निर्वासित तिथं राहत होते. त्यांची शाळा, चर्च, दवाखाना, सगळं छावणीतच होतं. निघण्याआधी तुझे हेपॅटायटिस बीच्या लसीचे डोस पूर्ण झालेत का, तेही बघ.